करारावर सही झाली. कायदा कोण लिहिणार?

१ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीत युबरलिंगन गावावर दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली. एक रशियन कंपनीचे प्रवासी विमान, दुसरे मालवाहू. ७१ जण गेले, त्यांत बहुतेक सुट्टीला निघालेली मुले. खालची जमीन जर्मनीची होती, पण वरच्या आकाशातली वाहतूक सांभाळत होते स्वित्झर्लंडमधले झुरिकचे केंद्र. त्या रात्री तिथला एक नियंत्रक विश्रांतीला गेलेला, दुसरा एकटाच दोन पडदे सांभाळत होता. दुरुस्तीसाठी मुख्य टेलिफोन यंत्रणा बंद ठेवलेली. कार्ल्सरूहच्या जर्मन केंद्रात धोक्याची सूचना वाजली, तिथून झुरिकला पुन्हा पुन्हा फोन लावला गेला, तो लागला नाही.

अपघाताची ही बाजू पुष्कळ सांगितली जाते. कायद्याची बाजू मात्र वकिलांच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही. त्या रशियन विमान कंपनीने जर्मन सरकारवर दावा लावला आणि २००६ मध्ये कॉन्स्टान्झच्या न्यायालयाने निकाल दिला, की आपल्या आकाशाचा हा तुकडा स्विस कंपनीकडे सोपवण्यासाठी जर्मनीने वैध करारच केलेला नव्हता, आणि जर्मन राज्यघटनेच्या तेव्हाच्या शब्दांत असे सोपवणे बसतही नव्हते. त्यामुळे चूक झुरिकमध्ये झाली असली तरी जबाबदारी जर्मन सरकारची. प्रकरण पुढे अपिलात गेले. २००९ मध्ये जर्मनीने घटनेचे ते कलम बदलले आणि परदेशी संस्थांना हे काम देण्याची वाट मोकळी केली.

म्हणजे दोन शेजारी देश, दोन्हीकडे उत्तम वकील, उत्तम विद्यापीठे, वर्षानुवर्षे सुरळीत चाललेले सहकार्य. आणि त्या सहकार्याला आधार देणारा कागद कोणी लिहिलेलाच नाही. नियंत्रकांना काम कसे करायचे ते माहीत होते. ते कोणत्या अधिकाराने करायचे, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर नव्हता. जिथे कायदा खात्यात विमान वाहतुकीची जाण असलेला एखादाच अधिकारी असतो आणि तोही बदलीच्या रांगेत असतो, अशा देशांत काय होत असेल, याची कल्पना यावरून करावी.

सरकारांमधल्या प्रादेशिक सहकार्याची चर्चा निघाली की पूल, रस्ते, विमानतळ, थेट उड्डाणे यांची यादी समोर येते. यादीच्या तळाशी, बहुधा शेवटच्या परिच्छेदात, ‘क्षमता-विकास आणि प्रशिक्षण’ असे शब्द असतात. माझे म्हणणे असे, की ही तळाची ओळ वर आणली पाहिजे, आणि त्यातही विशेषकरून कायद्याचे प्रशिक्षण. तेही आज जसे होते तसे नव्हे. ज्या सरकारी माणसांच्या हातून कायद्याचा मसुदा उतरतो त्यांना शेजारच्या देशांतल्या त्यांच्यासारख्याच माणसांबरोबर बसवावे, आणि त्यांनी परत जाताना काय लिहून नेले यावर त्या प्रशिक्षणाचे मोल ठरवावे. हजेरीपटावर किती सह्या झाल्या, यावर नव्हे.

याची निकड समजायला विमान वाहतुकीचा कायदा कसा उभा आहे ते पाहावे लागते. १९४४ मध्ये शिकागोला झालेल्या कराराने आजची सगळी व्यवस्था बांधली. त्यातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, जन्माला आली. आज तिचे १९३ सदस्य देश आहेत. कराराला १९ परिशिष्टे आहेत आणि त्यांत मिळून बारा हजारांहून जास्त मानके आणि शिफारशी. वैमानिकाच्या परवान्यापासून अपघाताच्या चौकशीपर्यंत सगळे त्यात आले. पण यातले एकही मानक आपोआप कोणत्याही देशाचा कायदा होत नाही. कराराचे ३७ वे कलम देशांना शक्य तितकी एकवाक्यता राखायला सांगते. ३८ वे कलम सांगते की जिथे तुमचा नियम वेगळा असेल तिथे तो फरक संघटनेला कळवा. मधले सगळे काम, म्हणजे मानक वाचणे, ते आपल्या कायद्यात कुठे बसते ते शोधणे, बसत नसेल तर दुरुस्ती सुचवणे, ती संसदेपुढे किंवा मंत्रिमंडळापुढे टिकेल अशा शब्दांत मांडणे, हे प्रत्येक देशाने आपापल्या घरी करायचे.

आणि हे काम दिसते तसे सोपे नाही. परिशिष्टांतली वाक्ये ‘देशाने अमुक होईल याची खात्री करावी’ अशा वळणाची असतात. देश म्हणजे कोण? मंत्री, महासंचालक, की रात्रपाळीचा निरीक्षक?

समजा, मध्यरात्री विमानतळावर एक निरीक्षक विमानाच्या पोटाखाली टॉर्च मारून पाहतो आहे. चाकाजवळच्या एका जोडावर त्याला तेलाची ओली रेघ दिसते. तो नोंदवही मागतो. हाच दोष याआधीही लिहिलेला आणि ‘पुढील तपासणीत पाहावे’ म्हणून पुढे ढकललेला आहे. निरीक्षक म्हणतो, हे विमान सकाळी उडणार नाही. कंपनीचा प्रतिनिधी शांतपणे विचारतो, कोणत्या कलमाखाली? निरीक्षकाचे प्रशिक्षण पक्के आहे, त्याला आयकाओची पुस्तिका पाठ आहे, पण देशाचा विमान कायदा जुना आहे आणि त्यात उड्डाण रोखण्याचा अधिकार फक्त मंत्र्याला दिलेला आहे. तो अधिकार खाली सोपवल्याचा आदेश कधी निघालाच नाही. मंत्री झोपलेत. प्रतिनिधीने आपल्या वकिलाला फोन लावलेला आहे. आता निरीक्षकाने विमान रोखले तर तो कायद्याबाहेर गेला, आणि जाऊ दिले तर कर्तव्याबाहेर. या प्रसंगातला निरीक्षक कल्पनेतला आहे, पण त्याची अडचण आयकाओच्या तपासणीकारांना चांगली ओळखीची आहे. म्हणूनच देशाची सुरक्षा-व्यवस्था तपासताना ते ज्या आठ घटकांकडे पाहतात, त्यांतला पहिला घटक मूळ कायदा हा आहे आणि दुसरा त्याखालचे नियम. माणसे, प्रशिक्षण, परवाने, देखरेख हे सगळे त्यानंतर येते.

पाया कच्चा असेल तर काय होते ते २०१५ मध्ये थायलंडने पाहिले. आयकाओच्या तपासणीत विमान कंपन्यांना परवाने देण्याच्या पद्धतीवर गंभीर ठपका आला. जपान आणि दक्षिण कोरियाने थाई कंपन्यांची नवी उड्डाणे अडवली. वर्ष संपण्याआधी अमेरिकेनेही देशाचा हवाई सुरक्षेचा दर्जा खाली आणला. एकच खाते विमानतळ चालवत होते आणि नियमनही करत होते. त्या वर्षीच तातडीचा हुकूम काढून नियमनासाठी वेगळे प्राधिकरण उभे करावे लागले. आयकाओचा लाल शेरा पुसला गेला ऑक्टोबर २०१७ मध्ये, आणि अमेरिकेचा दर्जा परत मिळायला २०२५ उजाडले. पर्यटनावर जगणाऱ्या देशाला हे कायद्याचे दुर्लक्ष किती महाग पडले असेल, ते सांगायला नको.

सही आणि कायदा यांमधले अंतर किती लांबू शकते याचे दुसरे उदाहरण भारताचे. विमानासारख्या फिरत्या मालमत्तेवरच्या हक्कांबाबत २००१ मध्ये केप टाउन करार झाला. कर्ज किंवा भाडे थकले तर विमान परत मिळेल अशी खात्री तो कर्ज किंवा विमान देणाऱ्यांना देतो आणि त्या खात्रीपोटी भाडे कमी होते. भारत २००८ मध्ये त्यात सामील झाला. पण त्याला देशांतर्गत कायद्याची जोड मिळाली नाही. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा दिवाळखोरी संहितेप्रमाणे सगळ्या वसुलीला स्थगिती मिळाली आणि विमाने भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना आपलीच विमाने धावपट्टीच्या कडेला उभी असलेली बघत बसावे लागले. करार एक सांगत होता, संहिता दुसरे, आणि दोघांत वरचढ कोण हे कोणी लिहून ठेवले नव्हते. त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये अधिसूचना निघाली, एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि कराराला बळ देणारा स्वतंत्र कायदा झाला २०२५ मध्ये. सतरा वर्षे! भारतात कायदेपंडितांची वानवा नाही. वानवा होती ती कराराची प्रत आणि दिवाळखोरी संहितेची प्रत एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचणाऱ्या माणसाची.

अशी माणसे तयार करता येतात, याचा पुरावा समुद्राकडे आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८८ मध्ये माल्टा इथे सागरी कायद्याची संस्था सुरू केली. तिथे येणारे विद्यार्थी मुख्यतः सरकारांनी पाठवलेले वकील असतात. वर्षभराच्या अभ्यासक्रमात त्यांना एक काम हमखास करावे लागते: एखादा आंतरराष्ट्रीय सागरी करार घ्यायचा आणि तो आपल्या देशाच्या कायद्यात उतरवणारा मसुदा लिहायचा. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. विद्यार्थी घरी परततो तेव्हा त्याच्या बॅगेत पदवी तर असतेच, शिवाय वरिष्ठांच्या टेबलावर ठेवता येईल असा कागद असतो. मसुदा लगेच मंजूर होईल असे नाही. पण कोऱ्या कागदापासून सुरुवात करण्याची भीती गेलेली असते, आणि सरकारी कामात अर्धी दिरंगाई त्या भीतीतूनच येते.

विमान वाहतुकीत शिक्षणाची कमी आहे असे नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हवाई कायद्याची संस्था १९५१ पासून आहे, नेदरलँड्समध्ये लायडनची ख्यातीही मोठी. पण त्यांच्या वाटा मुख्यतः विद्वान आणि मोठ्या कंपन्यांचे सल्लागार घडवण्याकडे जातात. दुसऱ्या टोकाला आहेत तीन-चार दिवसांच्या कार्यशाळा. उद्‌घाटन, सामूहिक फोटो, शिकागो कराराचा इतिहास, दुपारच्या सत्रात पेंगणारे श्रोते, शेवटी प्रमाणपत्र. कोणाला पाठवायचे हे बहुतेक ठिकाणी कामावरून नाही, तर परदेशवारीची पाळी कोणाची यावरून ठरते. निधी देणाऱ्या संस्थेच्या अहवालात ‘इतक्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले’ असा आकडा जातो आणि सगळे खूश. या दोन टोकांच्या मधली जागा, म्हणजे सरकारी मसुदाकाराला हाताला धरून काम शिकवणारी शाळा, बऱ्याच प्रदेशांत रिकामी आहे.

ती प्रदेशाच्या पातळीवर का भरावी? प्रत्येक देशाने आपापले का बघू नये?

एक कारण संख्येचे. प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटराष्ट्रांना स्वतःचा निरीक्षकवर्ग पोसणे परवडत नाही. म्हणून त्यांनी पोर्ट व्हिला इथे एक सामाईक सुरक्षा कार्यालय उभारले आणि निरीक्षक वाटून घेतले. पूर्व कॅरिबियनच्या बेटांनी तर एकच प्राधिकरण नेमले. पूर्व आफ्रिकेतल्या देशांची सुरक्षा संस्था २००७ मध्ये स्थापन झाली आणि ती युगांडातल्या एन्टेबे इथून समान नियमांचे काम करते. निरीक्षक सामाईक झाला, तरी तो ज्या देशाच्या धावपट्टीवर उभा असेल त्या देशाच्या कायद्याने त्याला अधिकार दिलेला असावा लागतो. आज या बेटावर, उद्या त्या बेटावर फिरणाऱ्या माणसाच्या मागे प्रत्येक ठिकाणी वेगळ्या शब्दांतला, वेगळ्या मर्यादेचा अधिकार असेल, तर मघाचा तो मध्यरात्रीचा प्रश्न प्रत्येक विमानतळावर नव्याने उभा राहतो. जिथे निरीक्षकच दुर्मिळ, तिथे विमान कायद्याचा मसुदाकार किती असणार? त्यांना एकत्र आणल्याशिवाय वर्ग भरणारच नाही.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. सीमेपलीकडे परिणाम होणारा कायदा एकट्याने लिहिता येत नाही. झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवरचे चिरुंडू नाके बघा. २००९ च्या डिसेंबरपासून तिथे ट्रकला एकदाच थांबावे लागते. उत्तरेला जाणाऱ्या ट्रकचे दोन्ही देशांचे सोपस्कार झांबियाच्या बाजूला होतात, दक्षिणेला जाणाऱ्याचे झिम्बाब्वेच्या बाजूला. ऐकायला साधी गोष्ट. पण याचा अर्थ झिम्बाब्वेचा सीमाशुल्क अधिकारी झांबियाच्या जमिनीवर बसून झिम्बाब्वेचा कायदा चालवतो. त्याने तिथे माल जप्त केला तर? चोर पकडला तर त्याला कोणत्या देशाच्या कोठडीत ठेवायचे? त्या अधिकाऱ्यावरच कोणी हल्ला केला तर गुन्हा कुठे नोंदवायचा? या प्रश्नांची उत्तरे देणारे स्वतंत्र कायदे दोन्ही देशांना आधी करावे लागले, आणि ते एकमेकांत कुलूप-किल्लीसारखे बसायला हवे होते. एका बाजूने ‘नियंत्रण क्षेत्र’ जिथपर्यंत आखले तिथपर्यंतच दुसऱ्या बाजूनेही आखायला हवे. दहा पावलांचा फरक राहिला तर त्या दहा पावलांत कोणाचाच कायदा नाही, किंवा दोघांचाही आहे. असे मसुदे दोन राजधान्यांत वेगवेगळे बसून, टपालाने देवाणघेवाण करत नीट उतरत नाहीत.

आफ्रिकेतलेच आणखी एक उदाहरण या वादात मला निर्णायक वाटते, कारण तिथे दोन्ही वाटा शेजारी शेजारी दिसतात. हवाई मार्गदर्शनासाठी आस्क्ना ही सामाईक संस्था १९५९ मध्ये स्थापन झाली. तिची नियामे इथली शाळा अनेक देशांचे नियंत्रक आणि हवामानतज्ज्ञ एकत्र शिकवत आली आहे. आकाश सांभाळणारी माणसे अशी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र घडली. बाजार खुला करण्याचा करार मात्र वेगळ्या वाटेने गेला. १९९९ च्या यामुसुक्रो निर्णयाने आफ्रिकी देशांनी एकमेकांच्या विमान कंपन्यांना आकाश मोकळे करायचे ठरवले. जुन्या द्विपक्षीय करारांशी विसंगती आली तर हा निर्णय वरचढ, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तरीही त्यानंतरची कित्येक वर्षे वाटाघाटी जुन्याच द्विपक्षीय पद्धतीने, आठवड्याला किती उड्डाणे यावर घासाघीस करत चालल्या. २०१८ मध्ये अदिस अबाबाला एकसंध आफ्रिकी हवाई बाजारपेठेची पुन्हा घोषणा करावी लागली, तेव्हा २३ देश पुढे आले. राजकीय इच्छा कमी पडली हे खरे. आपापल्या कंपन्यांना पाठीशी घालण्याची ओढही होतीच. पण मंत्रालयातल्या ज्या अधिकाऱ्यापुढे परवान्याचा अर्ज येतो, त्याच्या हातातल्या देशी नियमात त्या निर्णयाचा मागमूस नसेल, तर त्याने तरी काय करावे? त्याला नकार द्यायला कागद आहे, होकार द्यायला नाही.

याउलट व्यापारी कायद्यात त्याच भागातल्या देशांनी १९९३ मध्ये ओहाडा ही व्यवस्था उभारली. तिने समान कायदे केले. रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा समान कायदा २००३ चा. आबिजानला सामाईक न्यायालय बसवले. आणि बेनिनमधल्या पोर्तो-नोव्होला न्यायाधीश, वकील आणि न्यायालयीन कर्मचारी यांच्यासाठी प्रादेशिक शाळा काढली. कायदा, न्यायालय आणि शाळा एकाच आराखड्यात. या व्यवस्थेत दोष नाहीत असे नव्हे. ती फ्रेंच कायद्याच्या साच्यातून आली आणि बराच काळ फ्रेंच हीच तिची कामकाजाची भाषा होती. इंग्रजी, स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांना तिथे स्थान मिळायला २००८ ची दुरुस्ती यावी लागली. कॅमेरूनच्या इंग्रजी भाषक वकिलांची यावरची नाराजी जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते.

या नाराजीतच माझ्या प्रस्तावावरचा सर्वांत वजनदार आक्षेप दडलेला आहे. प्रादेशिक प्रशिक्षण म्हणजे प्रत्यक्षात प्रदेशातल्या सर्वांत मोठ्या देशाच्या, किंवा पैसा देणाऱ्या बाहेरच्या देशाच्या, कायद्याची आयात. शाळा ज्याच्या घरी, शिक्षक त्याचे, उदाहरणे त्याची, आणि हळूहळू नियमही त्याचेच. हा धोका काल्पनिक नाही. बड्या देशांचे तयार नमुना-नियम उपलब्ध असतातच. ते जसेच्या तसे उचलले की तपासणीच्या तक्त्यात बरोबरच्या खुणा पडतात, पण त्या नियमांत आपल्याकडे अस्तित्वात नसलेल्या संस्थांना अधिकार दिलेले असू शकतात, आपल्या दंडसंहितेत नसलेल्या शिक्षा असू शकतात. सार्वभौमत्वाची काळजी करणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन, की नक्कल कोण करतो ते पाहा. ज्याला स्वतः लिहिता येत नाही तोच. ज्या देशाकडे आपले दोन-तीन चांगले मसुदाकार आहेत, तो वाटाघाटीत ‘हे आम्हाला असे नको, तसे हवे’ म्हणू शकतो, आणि ३८ व्या कलमाखाली फरक नोंदवून आपली वेगळी वाट अधिकृतपणे राखू शकतो. फरक नोंदवायलाही आधी तो कळावा लागतो.

तरीही शाळेची घडण बेतताना हा आक्षेप डोळ्यांपुढे ठेवलाच पाहिजे. शाळा कायमची एका देशात नको, फिरती असावी. समान नमुना-कायदा शिकवू नये. समान जबाबदारी समोर ठेवावी आणि तिचे वेगवेगळे मसुदे होऊ द्यावेत. इंग्लिश वळणाच्या कायद्यात मंत्र्याला नियम करण्याचा अधिकार मूळ अधिनियमातून यावा लागतो. युरोपीय वळणाच्या काही देशांत मंजूर झालेला करार थेट कायद्याचा भाग होतो, पण शिक्षा आणि कार्यपद्धती तरीही वेगळी लिहावी लागते. एकाच मेजावर हे दोघे बसले की दोघांनाही आपल्या पद्धतीतली भोके दिसू लागतात.

मला अशा वर्गाचा एक दिवस नजरेसमोर येतो. विषय एकच: निरीक्षकाला विमान रोखण्याचा अधिकार. प्रत्येक देशाचा मसुदाकार आणि त्याच्या सोबत त्याच देशाचा एक निरीक्षक, कारण ज्याला टॉर्च घेऊन उभे राहायचे आहे त्याला विचारल्याशिवाय लिहिलेले कलम फसते. सकाळी सगळ्यांनी आपापल्या भाषेत कलम लिहायचे. दुपारी मसुदे अदलाबदल करायचे आणि शेजारच्या देशाच्या माणसाने तो मसुदा विमान कंपनीच्या वकिलाच्या नजरेने फोडायचा. ‘रोखता येईल’ म्हणजे किती वेळ? लेखी आदेश लागेल का? अपील कोणाकडे, आणि अपील चालू असताना विमान उडणार की उभे राहणार? नुकसानभरपाई? संध्याकाळी पुन्हा लिहायचे. ऑनलाइन अभ्यासक्रमाने हे होणार नाही. करारांचा इतिहास आणि परिशिष्टांची ओळख खुशाल पडद्यावर शिकवावी, ते स्वस्तही पडेल. पण आपल्या मसुद्याची चिरफाड समोरासमोर झाली पाहिजे.

वर्गात न्यायाधीशही हवेत, निदान काही दिवस. विमान कायद्याचे खटले फार थोडे येतात, म्हणून ते पहिल्यांदा ज्या न्यायाधीशापुढे येतात त्याने असा खटला आधी पाहिलेला नसतो. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराखाली प्रवाशाची भरपाई ठरवताना देशी ग्राहक कायदा कितपत लागू, किंवा अपघात चौकशी मंडळाचा अहवाल पुरावा म्हणून वापरायचा की नाही, हे प्रश्न कठीण आहेत. शिकागो कराराच्या १३ व्या परिशिष्टानुसार अपघाताची चौकशी दोष ठरवण्यासाठी नसते, पुढचे अपघात टाळण्यासाठी असते. ही एक गोष्ट न्यायाधीश आणि सरकारी वकील यांच्या मनात ठसली नाही, तर वैमानिक आणि नियंत्रक चौकशीत तोंड उघडेनासे होतात. युबरलिंगनच्या चौकशी अहवालात टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेबद्दलचे नियम अपुरे आणि काही ठिकाणी परस्परविरोधी असल्याचे नमूद आहे. यंत्राने एका वैमानिकाला वर जायला सांगितले होते आणि नियंत्रकाने खाली. अशा ठिकाणी यंत्राचेच ऐकायचे, हे नंतर स्पष्ट केले गेले. दोष कोणाचा एवढ्यावरच चौकशी थांबली असती, तर नियमातली ही उणीव नियंत्रकाच्या चुकीखाली झाकली गेली असती.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे बदली. चार महिने शिकून आलेला अधिकारी वर्षभरात मत्स्यव्यवसाय खात्यात जातो, किंवा एखादी विमान कंपनी त्याला तिप्पट पगारावर उचलते, आणि मग ये रे माझ्या मागल्या. शिकून आलेल्याने ठरावीक वर्षे त्याच कामावर राहिले पाहिजे आणि सरकारनेही त्याला त्याच कामावर ठेवले पाहिजे, अशी दुहेरी अट प्रादेशिक करारातच घालावी. पहिली अट सरकारे आनंदाने घालतात, दुसरीवर खळखळ करतात. माझ्या मते दुसरी न पाळणाऱ्या देशाची पुढच्या तुकडीतली जागा कमी करावी. कठोर वाटेल, पण रिकामी खुर्ची शिकवून काय उपयोग? दर वर्षी प्रत्येक देशाने एक छोटे निवेदनही जाहीर करावे: आमच्या माणसांनी नेलेल्या मसुद्यांपैकी कोणते मंत्रिमंडळापुढे गेले, कोणते राजपत्रात आले, कोणते कुठे अडले. अडल्याची कारणे वाचायला मिळाली, तर पुढच्या तुकडीला त्यांहून चांगले पाठ्यपुस्तक मिळणार नाही.

राहिला पैसा. देणगीवर चालणारी शाळा देणगीदाराच्या कलाने चालते, म्हणून ती प्रदेशाच्या स्वतःच्या उत्पन्नावर चालावी. आकाशातून जाणाऱ्या विमानांकडून मार्गदर्शन सेवेचे शुल्क घेतले जातेच. त्यातला बारीकसा वाटा सुरक्षेवरच्या देखरेखीच्या नावाने इकडे वळवता येईल. विमान कंपन्या लगेच शिकागो कराराचे १५ वे कलम दाखवतील. निव्वळ आकाशातून जाऊ दिल्याबद्दल पैसे घेता येत नाहीत, असे ते म्हणते, आणि शुल्काचा सेवेशी संबंध असावा लागतो, हे कंपन्यांचे म्हणणे खरेही आहे. वर ते दर सगळ्या देशांनी एकाच वेळी, एकाच आधारावर लागू केले नाहीत, तर त्याच प्रदेशात नवा तंटा उभा राहील. शाळेच्या पहिल्या तुकडीला पहिल्या आठवड्याचे काम म्हणून हेच द्यावे: १५ व्या कलमात बसेल, कंपन्यांच्या वकिलांपुढे टिकेल आणि सगळ्या राजधान्यांत एकाच तारखेला लागू करता येईल असे शुल्काचे कलम लिहा.